सुतासाठी बांधलेली इमारत

कापडगिरणीचं छप्पर दक्षिणेकडून पाहिलं तर नुसते उतरते पत्रे दिसतात आणि उत्तरेकडून पाहिलं तर नुसती काच. एकामागे एक दाते, प्रत्येकाची एक बाजू आंधळी, एक डोळस. खानदेशातल्या एका छोट्या शहरात, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर अशी एक गिरणी बंद पडून उभी आहे. डोळस बाजूची काच आता फारशी उरलेली नाही. गिरणीचं नाव देत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल तक्रारही येणार आहे आणि तिथे आयुष्य काढलेल्या माणसांसाठी हा विषय अजून हळवा आहे.

गावात कुणालाही विचारा, गिरणीचा इतिहास म्हणून चार गोष्टी सांगतात: शेठ कोण होते, गिरणी सुरू कधी झाली, संप कधी झाला, टाळं कधी लागलं. मी जुन्या इमारती मोजण्याचं काम करतो, त्यामुळे माझा भरवसा भिंतींवर जास्त. गेली काही वर्षं या गिरणीत जात-येत असताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. ही इमारत सुतासाठी बांधलेली आहे. माणसाला जे जे लागतं ते तिला नंतर जोडावं लागलं, तेही एकेक करून, आणि बहुतेक वेळा कायद्याने हात पिरगाळल्यावर.

ती इथे का उभी राहिली, हे सांगणं सोपं आहे. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच सुमारास रेल्वे भुसावळ ओलांडून १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचली. कापूस मुंबईला न्यायचा, तिथे कातायचा, विणायचा आणि कापड पुन्हा इकडेच विकायला आणायचं, यापेक्षा कापसाच्या रानातच गिरणी घातली तर? जमशेटजी टाटांनी नेमकं हेच केलं. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी घेतलेली जागा दलदलीची होती. सोनं खड्ड्यात ओतणाऱ्या माणसाला पैसे देणार नाही, असं म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारलं होतं आणि पुढे त्यानेच कबूल केलं की, या माणसाने माती टाकून सोनं काढलं. ही गोष्ट विदर्भात अजून सांगतात. आगेमागे जळगाव, हिंगणघाट, बडनेरा, पुलगाव, अकोला, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, तिकडे सोलापूर आणि बार्शी. रेल्वेच्या रुळांवर बोट ठेवून नकाशा वाचत गेलात तर गिरण्या ओळीने सापडतात.

अमळनेरचं थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथे गिरणीच्या नफ्यातून एक वेगळीच वास्तू उभी राहिली. प्रताप शेठ या गिरणीमालकाने १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातले अभ्यासक या तालुक्याच्या गावी येऊन वेदान्तावर चर्चा करत, तिथून इंग्रजीत तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक निघत असे. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या मंदिरात शिकायला. शाळेतली शिक्षकी नंतरची. गिरणीच्या पैशाने माणसाचा इतका खोल विचार होऊ शकला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मात्र गिरणीच्या आतल्या माणसाचा विचार कुठे आणि कसा झाला, हे पाहायचं तर गिरणीतच जावं लागतं.

छपरापासून सुरुवात करू. विणकराला उजेड हवा असतो, ऊन नको. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उन्हाची तिरीप पडली की सावली-उजेडाच्या पट्ट्यांत तुटलेला धागा दिसत नाही. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर सारखा राहतो, म्हणून काच उत्तरेला. ही रचना आली लँकेशायरमधून, यंत्रांच्या सोबतच. गिरणी काढायची म्हणजे चरखे आणि साचे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांकडून मागवायचे आणि साच्यांची मांडणी ठरली की त्यावरून खांब ठरायचे, खांबांवरून छप्पर. पण लँकेशायर आहे त्रेपन्न-चोपन्न अक्षांशांवर आणि खानदेश एकविसाच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. लँकेशायरमध्ये भर दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. इथे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो माथ्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो आणि जी काच ऊन टाळायला लावली तिच्यातूनच ऊन आत उतरतं. त्यावर उपाय म्हणून काचेवर चुन्याचा हात मारायचा. उरलेल्या तावदानांच्या कोपऱ्यांत तो चुना अजून दिसतो, ब्रशच्या फटकाऱ्यांसकट.

आतले खांब बिडाचे, पोकळ. दोन दात्यांच्या मधल्या पन्हाळीत पडलेलं पावसाचं पाणी याच खांबांच्या पोटातून खाली जातं आणि फरशीखालच्या गटाराला मिळतं. छप्पर तोलणारा खांब तोच आणि पन्हाळीची नळीही तीच. जोरात पाऊस लागला असताना खांबाला कान लावला तर पाणी उतरताना ऐकू येतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बराच वेळ तसाच उभा राहिलो होतो. ज्या कुणी हे योजलं त्याच्या बुद्धीला नमस्कारच करायला हवा. एकही नळी साच्यांच्या वाटेत येत नाही, पाण्याचा थेंब सुतावर पडत नाही.

इतका विचार सुताचा. आता खिडक्या पाहा. बाजूच्या भिंतींतल्या उंच खिडक्यांच्या चौकटींना बिजागऱ्याच नाहीत. त्या उघडण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. कापसाचा धागा ओलसर हवेत चिवट राहतो आणि कोरड्या हवेत तटातट तुटतो. विणताना हवेत सत्तर-ऐंशी टक्के ओलावा लागतो. खानदेशातला मे महिना म्हणजे ओठ फुटतात इतका कोरडा. म्हणून खिडक्या बंद, आत पाण्याचे फवारे, बाहेर ४४ अंश आणि आत घुसमटवणारी दमट हवा. कापूस पिंजण्याच्या आणि कार्डिंगच्या, म्हणजे तंतू विंचरण्याच्या, खात्यात वर तंतूंची धूळ. त्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची ओळख अशी की आठवड्याची सुट्टी संपवून माणूस कामावर आला की त्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. आणि ती सुट्टी तरी सहज मिळाली होती का? नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र आणून अर्ज-विनंत्या आणि सभांचा धोशा लावला, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी तिथल्या मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

माझ्यासोबत कधी कधी आप्पा येतात. साचेखात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. साचे भंगारात गेले, पण फरशीवर त्यांच्या पायांचे ठसे राहिलेत, चार भोकं आणि त्यांच्याभोवती तेल मुरून काळा झालेला दगड. आप्पा त्या भोकांकडे पाहून रांगा ओळखतात आणि आपल्या जागेवर जाऊन थांबतात. तिथे उभे राहिले की ते बोलताना आपोआप ओठ मोठे हलवतात.

"आत आवाजाने काही ऐकू यायचं नाही, भाऊ. ओठ बघायचे, नाहीतर हात," ते म्हणतात. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम आला, पाणी हवंय, पाळी संपत आली, याच्या खुणा त्यांनी करून दाखवल्या. घरी आल्यावरही आपण मोठ्यानेच बोलायचो आणि त्यावरून घरात चिडचिड व्हायची, असंही सांगितलं.

मग त्यांनी धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन, कसा भरायचा ते दाखवलं, रिकाम्या हातांनी. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासाने ओढून घ्यायचं. सेकंदाचं काम. या एका कृतीवरून मुंबईच्या गिरण्यांत किती मोठी भिंत उभी केली गेली होती! एकाचा तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकर दलित कामगारांना साचेखात्यात येऊ देत नसत. साचेखात्यात पगार जास्त, त्रासन खात्यात म्हणजे सूतकताईत कमी. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, खानदेशच्या उंबरठ्यावर, रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. कताई आणि विणाई यांच्यामध्ये गिरणीत जी जाड भिंत असते ती आग पसरू नये म्हणून बांधतात, हे मला पाठ आहे. तरी तिच्यातल्या दारातून जाताना दर वेळी धोट्याची आठवण येते.

दिवस किती तासांचा, हेही आधी काच ठरवायची. उजाडलं की चाक फिरायचं, अंधारलं की थांबायचं. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर काम मोठं. मग वीज आली. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दिवे लागले आणि काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. तुळयांना दिव्यांसाठी ठोकलेले लोखंडी आकडे इथेही आहेत. त्या आकड्यांनी सूर्याची मर्यादा काढून टाकली आणि मग ती कायद्याने घालावी लागली. कापडगिरण्यांत पुरुषांसाठी १९११ मध्ये बारा तास, १९२२ मध्ये आठवड्याला साठ, १९३४ मध्ये चौपन्न, स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात अठ्ठेचाळीस. ही आकड्यांची उतरंड वाचायला एक ओळ लागते. तिच्यामागे किती माणसांचे पगार बुडाले आणि किती जण तुरुंगात गेले, ते वेगळं लिहायला हवं.

१९४८ चा कायदा इमारतीवर शब्दशः दिसतो, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. अडीचशेहून जास्त कामगार असतील तर कॅन्टीन. दीडशेहून जास्त असतील तर विसाव्याची जागा. पाचशेहून जास्त असतील तर औषधोपचाराची खोली. पन्नासहून जास्त बायका असतील तर पाळणाघर, आणि १९७६ नंतर हाच आकडा तीस. गिरणीला बाहेरून फेरी मारली की या खोल्या ओळीने भेटतात. मूळ भिंती घडीव दगडाच्या आणि चुन्यातल्या, हातभर जाड. या खोल्या सिमेंटमधल्या विटांच्या, वर अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे, मुख्य भिंतीला बाहेरून टेकवलेल्या. टेकवलेल्याच. दोन्ही बांधकामं एकमेकांत गुंतवलेली नाहीत, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ भेग गेली आहे. खांबाच्या पोटातून पावसाचं पाणी नेण्याइतकी अक्कल जिथे खर्च झाली, तिथे पाळणाघराच्या भिंतीचे चार दगड मूळ भिंतीत घुसवण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

पाळणाघर म्हणजे एक लांबट खोली. आढ्याच्या लोखंडी नळीला समान अंतरावर कड्या आहेत आणि त्या कड्यांत नळी झिजून गुळगुळीत झाली आहे. ही खोली नव्हती तेव्हा काय होत असे? मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला बाळागोळी देत. तिच्यात अफू असे. बाळ पाळी संपेपर्यंत झोपून राही आणि काही बाळं उठतच नसत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी पाहण्यांमध्ये हे नोंदलं गेलं. त्या झिजलेल्या नळीवर हात ठेवल्यावर मला हा कायदा कुठल्याही भाषणाने कळला नसता इतका कळला.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, ज्याच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. आतल्या भिंतींना दर चौदा महिन्यांत एकदा चुना लागला पाहिजे आणि त्याची तारीख नोंदवहीत लिहिली पाहिजे. साचेखात्याच्या आतल्या भिंतीवरून मी चुन्याचा एक पापुद्रा सोडवून घेतला आहे. जाडी जुन्या नाण्याएवढी. कडेने भिंगाखाली पाहिला की थर दिसतात, पांढरा, पांढरा, मग निळीची छटा असलेला, पुन्हा पांढरा. प्रत्येक दोन थरांच्या मध्ये धुळीची एक बारीक काळी रेघ. काही रेघा केसासारख्या आहेत. वरच्या, म्हणजे शेवटच्या काळातल्या रेघा जाड होत गेल्यात. चुना वेळेवर लागणं थांबलं होतं. गिरणी आजारी पडली हे ताळेबंदात कधी दिसलं असेल ते असो, भिंतीवर ते असं दिसतं.

गिरण्या का संपल्या, याचं उत्तर १९८२ च्या संपावर ढकलायची सवय आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला तो संप मुंबईचा, सुमारे अडीच लाख कामगारांचा. छोट्या शहरांतल्या गिरण्या त्याच्या आधीपासून धापा टाकत होत्या. तोट्यातल्या गिरण्या चालवायला सरकारने १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ काढलं आणि १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. नफा होता तेव्हा यंत्रं बदलली नाहीत आणि तोटा झाला तेव्हा बदलायला पैसा नव्हता.

मात्र कापड गेलं कुठे, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ते मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीला गेलं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ मध्येच. यंत्रमागाला करवती छप्पर लागत नाही, चिमणी लागत नाही, घराच्या पडवीतही चार माग बसतात. आणि विजेवर चालणाऱ्या जागेत दहापेक्षा कमी माणसं असली की ती जागा १९४८ च्या कायद्याखाली सहसा कारखानाच ठरत नसे. तिथे कॅन्टीन नको, पाळणाघर नको, चौदा महिन्यांचा चुना नको. गिरणीला बाहेरून टेकवलेल्या ज्या खोल्या मी मघाशी सांगितल्या, त्या बांधायची गरज नसलेल्या ठिकाणी कापड निघून गेलं. यंत्रमागधारकांना मी दोष देत नाही, त्यांच्यातले कित्येक जण स्वतःच मागावर उभे असतात. पण हिशेबात ही बाब धरली नाही तर गिरणी महाग का पडत होती, ते समजत नाही.

आता या जागेचं काहीतरी होणार, अशी चर्चा आहे. घरं, दुकानं, बाग आणि मधोमध जतन केलेली चिमणी. सल्लागारांनी केलेला नकाशा मी पाहिला. मूळ वास्तू काळ्या रेघेत काढली आहे. साचेखात्याचा एक भाग आणि बिडाचे खांब ठेवायचे आहेत, याचा मला आनंदच आहे. बाहेरच्या खोल्या लाल रेघांनी आखून वर लिहिलंय, ‘नंतरची भर, काढून टाकणे’. जुन्या वास्तूंच्या कामात ही पद्धत रुळलेली आहे. मूळ तेवढं मोलाचं, नंतरचं ते ठिगळ. मंदिराच्या दगडाला फासलेला ऑइलपेंट काढताना ती बरोबर आहे. इथे ती लावली तर सुताचा सगळा इतिहास राहील आणि माणसांचा तेवढा पाडला जाईल. चिमणी शेठजींनी बांधली. पाळणाघर बांधायला एक देश स्वतंत्र व्हावा लागला.

म्हणून मी त्या खोल्या स्वतंत्र मोजायला घेतल्या आहेत. प्रत्येक खोलीपुढे तिचं कलम लिहितो आणि ती कोण कशी वापरायचं ते आप्पांना विचारून घेतो. सर्वांत शेवटी पाण्याची जागा राहिली होती. कॅन्टीनमागच्या भिंतीवर निळ्या रंगात ‘पिण्याचे पाणी’ असं अजून वाचता येतं. बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत ते लिहिलंच पाहिजे, असं तो कायदा सांगत असे. पिण्याच्या पाण्यापासून मुतारी आणि शौचालय किमान वीस फूट लांब हवं, असंही मूळ कलमात होतं. नळाच्या खुणेपासून मुतारीच्या भिंतीपर्यंत टेप धरली, दुसरं टोक आप्पांनी धरलं. अकरा फूट भरलं. आप्पांनी ते पुन्हा मोजायला लावलं आणि पुन्हा अकराच आलं. ते माप मी नकाशावर टाकून सल्लागारांकडे पाठवलं आहे आणि सोबतच्या पत्रात त्या दोन्ही भिंतींवरची लाल रेघ पुसायला सांगितली आहे.